शितावरून भाताची परीक्षा

आपल्या भाषेंतील ज्या म्हणी घरोघर रोज कानावर पडतात त्यांत ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही एक आहे. गृहिणी पातेल्यावरचें झांकण काढते, एक शीत उचलून दोन बोटांत दाबते, आणि सबंध भात शिजला कीं नाहीं ह्याचा निर्णय क्षणार्धांत देते. हा निर्णय बहुधा खरा ठरतो, म्हणूनच त्याची म्हण झाली. परंतु ह्या म्हणीच्या पोटांत एक अट दडलेली आहे, व ती बोलून दाखविण्याची गरज गृहिणीला कधीं भासत नाहीं. पातेलें लहान असावें, पाणी सर्वत्र सारखें पोंचलेलें असावें आणि खालची आंच एकसारखी असावी, ही ती अट होय. लग्नकार्यांत दोनशें पानांचा भात मोठ्या हंड्यांत चढतो, तेव्हां तीच गृहिणी एका शितावर विसंबत नाहीं. कांठाचें, मधलें, तळाचें अशीं निरनिराळीं शितें ती काढून पाहते. कारण वरचा भात मऊ झाला असतां तळचा करपतो, किंवा एका अंगाचा कच्चा राहतो, हा अनुभव तिच्या गांठीं असतो.

आधुनिक शास्त्रांचा फार मोठा भाग ह्याच परीक्षेवर उभा आहे. सबंध समुद्र, सबंध पृथ्वी किंवा सबंध मनुष्यजाति तपासून पाहणें कोणालाच शक्य नाहीं. थोडें मोजावयाचें आणि त्यावरून सर्वांविषयीं बोलावयाचें, ही शास्त्राची नित्याची रीति आहे व तींत गैर असें कांहीं नाहीं. अडचण उत्पन्न होते ती निराळ्या ठिकाणीं. मोजलेला भाग पुष्कळदां केवळ थोडाच नसतो, तर एकाच अंगाचा असतो. आणि न मोजलेला भाग दृष्टीआड राहिल्यामुळें तेथें कांहीं नाहींच, असें आपण नकळत मानूं लागतों. ही समजूत कधीं नुसत्या वादाला कारण होते, तर कधीं माणसांच्या प्राणांवर बेतते. चार निरनिराळ्या शास्त्रांतील उदाहरणें घेऊन ही गोष्ट स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यांपैकीं तीन उदाहरणें आपल्या महाराष्ट्राच्या भूमीशींच निगडित आहेत.

कुलाब्याची एकटी नोंद

मुंबईच्या दक्षिण टोंकास कुलाबा येथें ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ मध्यें वेधशाळा उभारली, व १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेण्यास प्रारंभ झाला. मराठी वाचकांस ह्या वास्तूविषयीं आपुलकी वाटावी असें आणखीही एक कारण आहे. प्रसिद्ध गणिती केरूनाना छत्रे ह्यांनीं आपल्या तारुण्यांत येथेंच निरीक्षकाचें काम केलें होतें. टांगलेल्या लोहचुंबकाची हालचाल न्याहाळून ठराविक वेळीं वहींत आंकडा लिहावयाचा, रात्र असो वा दिवस असो, त्यांत खंड पडूं द्यावयाचा नाहीं, असें हें काम. त्यांत कीर्ति नव्हती आणि नवलही नव्हतें.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हे ज्योतिषी सूर्यावरील डागांचें चित्र काढीत असतां, डागांच्या एका समूहाजवळ अत्यंत प्रखर असा प्रकाश त्यांना कांहीं मिनिटें दिसला. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीच्या चुंबकत्वांत प्रचंड वादळ उठलें. एरवीं ध्रुवप्रदेशांतच दिसणारा आकाशांतील रंगीत प्रकाश क्यूबा व हवाई बेटांपर्यंत दिसला. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. अमेरिकेंत तर कांहीं तारमास्तरांनीं बॅटरी काढून ठेवली आणि केवळ वादळानें तारांत उत्पन्न केलेल्या विजेवर संदेश पाठविले.

हें वादळ नेमकें किती मोठें होतें, हा प्रश्न पुढें शास्त्रज्ञांना पडला. त्या काळच्या बहुतेक वेधशाळा युरोपांत, म्हणजे ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होत्या. तेथील मापांत ध्रुवीय प्रकाशाबरोबर वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांचा परिणाम मिसळतो, व संपूर्ण पृथ्वीवर काय घडलें तें त्यांतून वेगळें काढतां येत नाहीं. शिवाय आपोआप नोंद करणाऱ्या यंत्रांची रेघ कांहीं ठिकाणीं कागदाच्या बाहेरच गेली. विषुववृत्ताकडील प्रदेशांतून त्या दिवसाची सलग नोंद मिळाली ती प्रामुख्यानें कुलाब्याची. २ सप्टेंबरच्या सकाळीं वादळ सुरू होतांच तेथील निरीक्षकांनीं तासांची वाट न पाहतां थोड्या थोड्या मिनिटांनीं आंकडे टिपले होते. पृथ्वीच्या चुंबकबलाचा क्षितिजसमांतर भाग तेथें सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं एकाएकीं खालीं आला होता. ह्या जुन्या वह्यांचा आधार घेऊन भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनीं २००३ मध्यें त्या वादळाचें गणित मांडलें, आणि आजवर मापलेल्या वादळांत तें सर्वांत प्रबळ असावें, असा निष्कर्ष काढला.

परंतु एका शितावरचा हा निर्णय निर्वेध राहिला नाहीं. वादळाच्या ऐन भरांत मुंबई सूर्याच्या समोर होती. तेव्हां कुलाब्यास दिसलेली घट ही सबंध पृथ्वीची घट होती, कीं त्या वेळीं त्या भागावर असलेल्या एखाद्या स्थानिक प्रवाहाची तींत भर पडली होती, असा प्रश्न विद्वानांनीं उपस्थित केला. आणि संपूर्ण पृथ्वीचा म्हणून धरावयाचा आंकडा कांहींनीं जवळजवळ निम्म्यावर आणला. भूगोलाच्या दुसऱ्या अंगाला, त्याच अक्षांशावर, आणखी एक कुलाबा असता तर हा वाद उद्भवलाच नसता. त्या दुसऱ्या वेधशाळेचें मोल आज किती असतें पाहा! १३ मार्च १९८९ रोजीं आलेल्या, ह्याहून पुष्कळच लहान वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज दोन मिनिटांच्या आंत बंद पडली, आणि साठ लाख लोक सुमारें नऊ तास अंधारांत राहिले. १८५९ सारखें वादळ पुन्हां आलें तर विजेच्या यंत्रणेनें किती ताण सोसण्याची तयारी ठेवावी, ह्याचें उत्तर आजही बऱ्याच अंशीं त्या एका वहीवर अवलंबून आहे.

ह्या नोंदीची परंपरा तुटूं दिली नाहीं, ह्याचें श्रेयही दिलें पाहिजे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसूं लागतांच त्यांच्या प्रवाहानें मापें बिघडतील हें ओळखून, वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख नानाभाई मूस ह्यांच्या कारकीर्दींत चुंबकीय यंत्रें अलिबागेस हलविण्यांत आलीं. १९०४ पासून दोन वर्षें कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणीं मापें घेऊन, जुनी व नवी नोंद एकमेकींस जोडून घेतली. जागा बदलली तरी माप तुटूं नये, ही दृष्टि फार थोड्यांना असते.

समुद्राच्या तळाचा नकाशा

दुसरें उदाहरण समुद्राचें. इंग्लंडचें ‘चॅलेंजर’ हें जहाज १८७२ ते १८७६ ह्या काळांत जगभर फिरलें, व आधुनिक समुद्रशास्त्राचा पाया त्या सफरींत घातला गेला. त्या वेळीं खोली मोजण्याचा उपाय एकच होता: दोराला वजन बांधून तो तळाला टेंकेपर्यंत सोडावयाचा. खोल समुद्रांत एका मापाला तासच्या तास लागत. सबंध सफरींत खोल समुद्राचीं अशीं ४९२ मापें घेतलीं गेलीं. त्या काळच्या मानानें हा पराक्रमच होता. परंतु पृथ्वीवरील समुद्राचें क्षेत्र सुमारें ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे एका मापाच्या वांट्याला सात लाखांहून अधिक चौरस किलोमीटर येतात. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या मुलखांत डोळे बांधून एकदांच काठी टेंकवावी, आणि ती कळसूबाईच्या माथ्यावर टेंकली कीं कोंकणच्या खलाटींत, ह्यावरून त्या सर्व देशाचें वर्णन लिहावें, तसाच हा प्रकार झाला.

मापें इतकीं विरळ असलीं म्हणजे दोन मापांमधील जागा मनुष्याची कल्पना भरून काढते, आणि कल्पनेला सपाट रेघ फार आवडते. समुद्राचा तळ म्हणजे विस्तीर्ण, गाळानें भरलेलें, निश्चल मैदान, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुढें ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याची युक्ति निघाली, आणि १९२५ ते १९२७ ह्या काळांत ‘मिटिऑर’ ह्या जर्मन जहाजानें एकट्या अटलांटिक महासागरांत ६७ हजारांवर मापें घेतलीं. महासागराच्या मधोमध एक खडबडीत पर्वतरांग पसरली आहे हें त्यामुळें निःसंशय ठरलें.

ह्या पर्वतरांगेचें खरें रहस्य ज्या व्यक्तीनें उलगडलें, तिला समुद्रावर जाण्याचीच बंदी होती. मेरी थार्प ही भूगर्भशास्त्र व गणित शिकलेली विदुषी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट संस्थेंत काम करीत असे. संशोधनाच्या जहाजावर स्त्रियांना घेत नसत. तेव्हां ब्रूस हीझन हे तिचे सहकारी समुद्रावरून मापें आणीत आणि ती किनाऱ्यावर बसून तीं कागदावर उतरवीत असे. १९५२ च्या सुमारास अटलांटिक ओलांडणाऱ्या सहा रेघांवरील मापें तिनें शेजारीं शेजारीं मांडलीं, तेव्हां पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक ठिकाणीं एक खोल खांच तिला दिसली. पर्वताच्या माथ्यावर दरी असणें ह्याचा अर्थ भूमि तेथें दुभंगत आहे. आणि खंडें सरकतात हें मत त्या वेळीं अमेरिकेंत पाखंड समजलें जाई. हीझन ह्यांनीं प्रथम तिचें म्हणणें बायकी बडबड म्हणून उडवून लावलें. सहा रेघा म्हणजे कितीशा? त्यांच्यामध्यें शेंकडों मैल कोरे होते.

थार्पबाईंचा पक्ष सिद्ध झाला तो अधिक मापांनीं नव्हे, तर निराळ्या मापांनीं. त्याच संस्थेंत दुसरा एक मदतनीस समुद्राखालीं होणाऱ्या भूकंपांचीं ठिकाणें त्याच प्रमाणाच्या नकाशावर टिपीत होता. दोन्ही कागद दिव्याच्या कांचेवर एकमेकांवर ठेवले, तेव्हां भूकंपांचे ठिपके नेमके त्या दरींत पडत असल्याचें दिसून आलें. दोन अपुऱ्या नोंदी, एकमेकींपासून स्वतंत्र रीतीनें जमविलेल्या, एकाच जागीं बोट दाखवूं लागल्या. मग जेथें खोलीचें माप नव्हतें पण भूकंप होते, तेथेंही दरी असावी असें तिला धैर्यानें रेखाटतां आलें. १९७७ मध्यें थार्प व हीझन ह्यांचा सर्व महासागरांच्या तळाचा नकाशा प्रसिद्ध झाला. अपुऱ्या सामग्रींतूनही सत्य गांठतां येतें. मात्र कोरी जागा भरतांना ती कशाच्या आधारें भरली, हें आपल्याला ठाऊक पाहिजे.

तो नकाशा भव्य होता, तरी बारीक नव्हता. ८ मार्च २०१४ रोजीं मलेशियाचें एक विमान २३९ माणसांसह नाहींसें झालें. तें हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत पडलें असावें असा तर्क झाल्यावर असें आढळलें कीं, त्या भागाच्या तळाचें प्रत्यक्ष माप फारच थोड्या ठिकाणीं घेतलेलें आहे. म्हणून विमानाच्या शोधापूर्वीं तळाचा नकाशाच तयार करावा लागला. पुढें सुमारें १ लक्ष २० हजार चौरस किलोमीटर तळ धुंडाळूनही विमान सांपडलें नाहीं, व जानेवारी २०१७ मध्यें तो शोध थांबविण्यांत आला. त्याच वर्षीं जगांतील सर्व समुद्रतळाचा नकाशा २०३० पर्यंत पुरा करण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय सहकार्यानें सुरू झाला. २०२५ च्या मध्यापर्यंत शेंकडा २७ भाग मापून झाला होता. मंगळाच्या पृष्ठभागाचे नकाशे आपल्याजवळ ह्याहून स्पष्ट आहेत, हें ऐकून कोणासही विस्मय वाटेल. परंतु मंगळावर पाणी पसरलेलें नाहीं, एवढाच त्याचा साधा उलगडा आहे.

शंभर वर्षांची फूटपट्टी

आतांपर्यंत जागेच्या अपुरेपणाचा विचार झाला. काळाचा अपुरेपणा त्याहून फसवा असतो. आपल्या देशांत भूकंपमापक यंत्र प्रथम कलकत्त्यास बसलें तें १८९८ मध्यें. म्हणजे आपल्या नोंदीचें वय उणेंपुरें सव्वाशें वर्षांचें. दख्खनच्या पठारासारख्या जुन्या, घट्ट भूमींत एकाच ठिकाणीं मोठा भूकंप पुन्हां होण्यास हजारों वर्षें लागूं शकतात. हजारों वर्षांच्या चालीची वस्तु शंभर वर्षांच्या फूटपट्टीनें मोजली, तर ती स्थिरच दिसणार!

दख्खनविषयीं असेंच झालें. हा प्रदेश भूकंपापासून सुरक्षित आहे, असें शाळेच्या पुस्तकांपासून इंजिनियरांच्या कोष्टकांपर्यंत सर्वत्र गृहीत होतें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस भूकंप झाला व सुमारें १८० माणसें दगावलीं, तेव्हां ह्या समजुतीला पहिला धक्का बसला. परंतु त्याचें कारण धरणाच्या जलाशयांत शोधलें गेलें, आणि तें योग्यही होतें. धरणापासून दूर असलेल्या मराठवाड्याविषयींची निश्चिंति तशीच राहिली. देशाचे भूकंपाच्या धोक्याप्रमाणें जे पांच विभाग पाडले होते, त्यांत लातूरकडील भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक विभागांत होता.

१९९२ च्या उत्तरार्धांत किल्लारीच्या आसपास जमीन वारंवार हादरूं लागली. लोकांना धक्के जाणवत होते. परंतु ते बारकाईनें टिपणाऱ्या यंत्रांचें जाळें त्या भागांत नव्हतें, कारण निर्धोक प्रदेशांत यंत्रें कोण बसविणार? येथें अपुऱ्या निरीक्षणाचें दुष्टचक्र पूर्ण होतें. यंत्र नाहीं म्हणून नोंद नाहीं, नोंद नाहीं म्हणून धोका नाहीं, आणि धोका नाहीं म्हणून यंत्र नाहीं! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जन आटोपून गांवें गाढ निजलीं असतां, सुमारें ६.२ प्रतीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीचीं जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि जवळजवळ दहा हजार जीव गेले. उन्हाळ्यांत थंडावा देणारीं तीं घरें त्या मुलखाच्या हवेचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव घेऊन बांधलेलीं होतीं. भूकंपाचा अनुभव मात्र कोणत्याही पिढीच्या स्मरणांत नव्हता.

त्यानंतर किल्लारीच्या परिसरांत व तेर येथें भूमीचे थर तपासून पूर्वींच्या भूकंपांच्या खुणा शोधण्याचे प्रयत्न झाले. यंत्राच्या आधीं जें घडलें तें यंत्र सांगत नाहीं. माती मात्र कधीं कधीं सांगते. २००२ मध्यें देशाच्या भूकंपनकाशाची फेररचना झाली, तेव्हां ‘पहिला विभाग’ हा प्रकारच काढून टाकण्यांत आला. ह्या एका दुरुस्तींत शास्त्राचा मोठा विनय सामावलेला आहे. ‘धोका आढळला नाहीं’ ह्या वाक्याच्या जागीं ‘धोका नाहीं’ असें लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाहीं, असेंच जणूं त्या नकाशानें कबूल केलें.

कोणाच्या शरीरावरून कोणाचें औषध?

चौथें उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरांतलें आहे. औषधाच्या पुडीवर जी मात्रा छापलेली असते, ती कोणावर तरी प्रयोग करून ठरविलेली असते. तो ‘कोणी तरी’ कोण?

१९६० च्या आगेंमागें थॅलिडोमाइड ह्या औषधामुळें, गरोदरपणीं तें घेतलेल्या स्त्रियांच्या पोटीं युरोपांत व इतरत्र हजारों मुलें हातापायांनीं विकल अशीं जन्मलीं. ह्या अनर्थाची दहशत इतकी होती कीं, १९७७ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें, ज्यांना गर्भ राहणें शक्य आहे अशा स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चांचण्यांतून वगळावें, असा दंडक घातला. हेतु रक्षणाचा होता. परंतु परिणाम असा झाला कीं चांचणी पुरुषांवर व औषध मात्र सर्वांना, अशी वहिवाट पडली. १९९३ मध्यें तो दंडक रद्द झाला. झोल्पिडेम ह्या झोंपेच्या औषधाचें उदाहरण ह्या बाबतींत बोलकें आहे. तें १९९२ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें, व स्त्रीपुरुषांना मात्रा एकच होती. स्त्रियांच्या शरीरांतून तें सावकाश बाहेर पडतें, आणि सकाळीं गाडी चालवितांना धोका व्हावा इतका त्याचा अंश रक्तांत शिल्लक राहतो, हें लक्षांत घेऊन स्त्रियांसाठीं शिफारस केलेली मात्रा निम्मी करण्यांत आली, ती २०१३ मध्यें. मधलीं वीस वर्षें निम्म्या जगानें दुसऱ्या निम्म्याच्या मापाचा अंगरखा घातला होता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्याच जातीचा प्रश्न पुण्यांत निराळ्या अंगानें उभा राहिला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचा अभ्यास करीत असतां, आपल्याकडील रोगी पाश्चात्त्य पुस्तकांतल्या रोग्यासारखा दिसत नाहीं, असें त्यांच्या लक्षांत आलें. पुस्तकाप्रमाणें मधुमेह हा लठ्ठ व प्रौढ माणसांचा रोग. येथें तो सडपातळ आणि तरुण माणसांत आढळे. १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें ह्यांची तपासणी त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुरू केली. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील नवजात बालकांशीं तुलना केली असतां, आपल्या खेड्यांतील मूल सरासरीनें सुमारें ८०० ग्रॅम हलकें भरलें. स्नायु व पोटांतील अवयव लहान. परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. वरून कृश आणि आंतून मेदयुक्त, असें हें बाळ होतें.

हीच गोष्ट त्यांनीं २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत एका छायाचित्रानें पटविली. त्या चित्रांत डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्लंडांतील सहकारी डॉ. यूडकिन शेजारीं उभे आहेत. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक डॉक्टर काढतात तो दोघांचाही २२.३, म्हणजे अगदीं सारखा. परंतु शरीरांतील चरबीचें प्रमाण डॉ. यूडकिन ह्यांचें शेंकडा ९.१, तर डॉ. याज्ञिक ह्यांचें शेंकडा २१.२! युरोपांतील शरीरें मोजून बनविलेलें कोष्टक दोघांनाही एकच प्रशस्तिपत्र देत होतें, आणि त्यांपैकीं एकाच्या बाबतींत तें फसवें होतें. ज्या घरांत ‘वजन तर बेताचेंच आहे, मधुमेह कसा होईल?’ असें म्हटलें जातें, तेथें ह्या छायाचित्राचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

शीत कसें निवडावें?

ह्यावर उपाय काय? अधिक मोजावें, हें उत्तर कोणाच्याही तोंडीं चटकन येईल. परंतु तें पुरतें बरोबर नाहीं. १९३६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं ‘लिटररी डायजेस्ट’ ह्या साप्ताहिकानें एक कोटी लोकांकडे पत्रें धाडून वीस लाखांवर उत्तरें मिळविलीं, व रूझवेल्ट हरणार असें भाकीत केलें. रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ संस्थानांत निवडून आले! पत्रें ज्या याद्यांवरून धाडलीं त्या टेलिफोन व मोटारगाड्या बाळगणाऱ्यांच्या होत्या, आणि मंदीच्या त्या दिवसांत गरिबांचें मत त्यांत आलेंच नव्हतें. शिवाय उत्तर धाडण्याचा उत्साह ज्यांना होता तेच मोजले गेले. हंड्याच्या एकाच कडेचीं वीस लाख शितें काढलीं, तरी तळचा भात करपला आहे हें कळत नाहीं.

खरा उपाय शीत निवडण्याच्या रीतींत आहे, आणि त्याचा उत्कृष्ट नमुना आपल्याच देशांत घडला. पूर्वीं पिकाचा अंदाज आणेवारीनें होई. महसुलाचा कामगार शेताच्या बांधावरून नजर टाकी, आणि पीक सोळा आण्यांपैकीं किती आणे आहे तें ठरवी. नजर कोणाची, बांध कोणाचा, व त्या दिवशीं सूट देण्याकडे कल होता कीं नाहीं, ह्यावर तो अंदाज हेलकावे खाई. १९३० नंतरच्या दशकांत बंगाल्यांत प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनीं तागाच्या पिकासाठीं, आणि १९४० नंतर सातारा जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनीं अन्नधान्यासाठीं, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निव्वळ योगायोगानें जागा निवडून पीक मोजण्याची पद्धति रूढ केली. गांव योगायोगानें निवडावयाचें, त्यांतलें शेत योगायोगानें, आणि शेतांतला कापणीचा तुकडाही योगायोगानें. मोजणाराच्या सोयीला व आवडीला त्यांत जागाच नाहीं. म्हणून थोड्या तुकड्यांवरून सबंध प्रांताचा आंकडा सांगतां येतो, एवढेंच नव्हे तर तो किती चुकूं शकेल हेंही सांगतां येतें.

ह्यांतही एक सूक्ष्म वाद झाला. महालनोबिस अगदीं लहान तुकडे कापीत. सुखात्मे ह्यांनीं १९४६ मध्यें दाखवून दिलें कीं तुकडा फार लहान असला तर पीक वास्तवापेक्षां अधिक दिसतें. कारण कांठावरचें रोप आंत घ्यावें कीं बाहेर सोडावें असा प्रश्न पडला म्हणजे कापणाराचा विळा तें आंत घेण्याकडे वळतो, आणि तुकडा जितका लहान तितका कांठ अधिक. हा विळा कोणाच्या लबाडीनें वळत नाहीं. तो मनुष्यस्वभावानें वळतो. शास्त्रज्ञानें ज्याच्यापासून जपावयाचें तो शत्रु बहुधा असाच, स्वतःच्या हातांत असतो.

अर्थात् समुद्र, भूकंप आणि सूर्यावरचीं वादळें ह्यांच्या बाबतींत चिठ्ठ्या टाकून जागा निवडण्याची सोय नेहमींच नसते. १८५९ मध्यें दुसरें कुलाबा असावयास हवें होतें, हें कितीही पटलें तरी तें आतां निर्माण होणार नाहीं. तेथें दोनच मार्ग उरतात. एक थार्पबाईंचा: निराळ्या वाटेनें जमलेल्या नोंदी एकमेकींवर ठेवून पाहणें. दुसरा त्याहून साधा: आपण कोठें मोजलें, कोणाला मोजलें आणि किती काळ मोजलें, हें निष्कर्षाइतक्याच ठळक अक्षरांत लिहिणें. जुन्या नकाशांत अज्ञात प्रदेश कोरा ठेवण्याचा प्रघात होता. त्या कोऱ्या कागदाला लाज नव्हती. उलट पुढच्या प्रवाशाला तो आमंत्रण देत असे.

वर्तमानपत्रांत रोज कांहीं ना कांहीं शास्त्रीय शोध छापून येतो. अमुक खाल्ल्यानें आयुष्य वाढतें, तमुक प्रदेशांत अमुक धोका नाहीं, अमुक वजन आरोग्याचें, अशीं विधानें आपण वाचतों व दुसऱ्यास सांगतों. त्यांतील प्रत्येक विधान कोणत्या तरी शितावर उभें असतें. तें शीत कोठून उचललें हा प्रश्न विचारावयास मोठ्या विद्वत्तेची जरूर नाहीं. स्वयंपाकघरांतील शहाणपण त्याला पुरेसें आहे. आपलें गांव, आपलें शरीर, आपल्या घरांतील स्त्रिया व मुलें त्या हंड्याच्या कोणत्या अंगाला आहेत, आणि तेथपर्यंत कोणाची पळी पोंचली आहे काय, एवढें पाहिलें म्हणजे झालें.

आणि ज्यांच्याकडे मोजण्याचें काम आहे त्यांनीं एवढेंच ध्यानांत धरावें कीं, आज निरुपयोगी वाटणाऱ्या नोंदीचा उपयोग कोणाला व केव्हां होईल हें सांगतां येत नाहीं. कुलाब्याच्या त्या निरीक्षकांना सूर्यावर काय घडलें तें ठाऊक नव्हतें. पुढें कधीं प्रांतच्या प्रांत विजेच्या दिव्यांनीं उजळतील, ह्याची त्यांना कल्पनाही नव्हती. वेळ झाली म्हणून त्यांनीं आंकडा लिहिला, आणि सुई वेडीवांकडी धांवूं लागली तेव्हां अधिक दक्षतेनें लिहिला. दीडशें वर्षांनंतर जगाला त्याच वहीपाशीं यावें लागलें.